टाचांचं तेल

मोहट्यांचं तेल थंडीत थिजतं. मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याला शिक्षिका होते तेव्हा पौषात माझ्या खोलीतली बाटली पिवळट लोण्यासारखी घट्ट व्हायची आणि चुलीजवळ सरकवली की मोकळी व्हायची. आता निवृत्तीनंतर नाशिकला आरशापुढे रेटिनॉलची ट्यूब, हायलुरॉनिक आम्लाचं सीरम आणि सनस्क्रीन अशी रांग आहे. सूनबाईंची कृपा. साठी उलटल्यावर हे करून बघण्यात मला लाज वाटत नाही, चांगली मजा येते. मात्र सुरकुतीवर इलाज करायचा, ही कल्पनाच आपल्याकडे फार अलीकडची.

तेल त्याहून कितीतरी जुनं. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं वेचून होतात, मग पावसाच्या तोंडावर फळं पडतात. त्यातली बी म्हणजे मोहटी. ती फोडायची, वाळवायची, कुटून वाफवायची आणि लाकडी घाण्यात दाबायची. कालवणाला तेच, दिव्याला तेच, भेगांनाही तेच. उरलेली पेंड डोहात टाकली की मासे गुंगून वर येतात, कारण तिच्यात सॅपोनिन असतं. लावणीच्या चिखलात पायांच्या बेचक्या कुजत, तिथे बाया हे तेल चोळत. मी एकदा ते गालाला लावलं तर शेजारची आजी खो-खो हसली. "बाई, तोंडाला कशाला? पाय बघा आधी!" तिच्या हिशेबी कातडी कामाची होती आणि तेल कामाच्या जागी लावायचं होतं.

या झाडावर सरकारचीही नजर होती. इंग्रजी अमलात मोखाडा ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा; शेजारचं जव्हार मात्र मुकण्यांचं संस्थान. १८९२ मध्ये मुंबई सरकारने खास मोहाचा कायदा केला आणि ठाणे-कुलाब्यात मोहफुलांवर परवान्याची बेडी घातली. घरोघरी दारू गाळली तर अबकारीचं उत्पन्न बुडणार, ही खरी काळजी. बियांना मात्र परदेशात गिऱ्हाईक होतं. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानातल्या मोहट्या जहाजांतून युरोपात, मुख्यतः जर्मनीला जात आणि तिथे त्या चरबीपासून साबण आणि मार्गारिन बने. शेजारची ती आजी टाचेला चोळायची तीच चरबी जर्मन बाया साबणातून अंगाला लावत होत्या, हे तिला सांगितलं असतं तर ती आणखी हसली असती.

टाचांचं तेल गावाकडचं, चेहऱ्याचं मलम मात्र मुंबईत तयार झालं. १९१९ मध्ये पाटणवालांचा 'अफगाण स्नो' आला. १९५२ मध्ये केशव पेंढरकरांनी परळला 'विको' सुरू केलं आणि १९७५ मध्ये त्यांची हळदीची क्रीम निघाली. ही क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, यावरून उत्पादन शुल्क खात्याशी वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. तरीही या डब्या-ट्यूबांचं आश्वासन गोरेपणाचं, तजेल्याचं, पुटकुळ्या घालवण्याचं. म्हातारपण मागे ढकलण्याचं नव्हे. ते अमेरिकेतून आलं. अल्बर्ट क्लिगमन हे त्वचारोगतज्ज्ञ मुरुमांवर ट्रेटिनॉइन देत, तेव्हा वयानं मोठ्या बाया सांगू लागल्या की कातडी नितळ होते आहे. १९८६ मध्ये त्यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००२ मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सला तिथे मान्यता मिळाली. सुरकुती आता उपचाराची गोष्ट झाली.

माझी रेटिनॉल ही ट्रेटिनॉइनची सौम्य बहीण. सुरुवातीला गाल सोलून निघाले. डॉक्टरीणबाईंनी वाटाण्याएवढी, रात्री, आठवड्यातून दोनदाच लावायला सांगितली, आणि वरून काहीतरी स्निग्ध. मी मोहट्यांचं तेल लावते. ते सुरकुती पुसत नाही, कातडीतला ओलावा उडू देत नाही, एवढंच. तेवढं मात्र ते चोख करतं. रेटिनॉलने डोळ्यांखालच्या बारीक रेषा थोड्या कमी झाल्यात. मानेवर ढिम्म फरक नाही.

खरा शत्रू ऊन. त्यातले अतिनील किरण कातडीतलं कोलॅजन तोडतात, म्हणून सगळ्या लेपांत सनस्क्रीनचा मान पहिला. आणि इथेच मला पोशेऱ्याच्या बाया आठवतात. पावसात डोक्यावर इरलं असतं, एरवी फडकी. पण नागलीची कापणी झाली आणि दिवाळी सरली की कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. तिथे वरून ऊन आणि समोर भट्टी. चाळिशीतच चेहऱ्यावर रेघा दाटतात.

मला तेल आणून देणारी माझी जुनी विद्यार्थिनी परवा आली होती. तिची आई अजून भट्टीवर जाते. मी सनस्क्रीनची नवी ट्यूब तिच्या पिशवीत टाकली. तिने उलटसुलट करून पाहिली आणि किती लावायची ते विचारलं. म्हटलं, चेहऱ्याला-मानेला दोन बोटं भरून, उन्हात असेल तर दर दोन तासांनी.

"मग बाई, ही तर आठवडाभरसुद्धा पुरायची नाही," ती म्हणाली आणि झाकण घट्ट बसवायला लागली.