सातबाऱ्यात न मावलेला मासा

खान्देश म्हटला की कापूस, केळी आणि तापीकाठची काळी जमीन डोळ्यांसमोर येते. याच खान्देशाच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पलीकडच्या उतारावर नर्मदाही वाहते, हे जळगाव-धुळ्यातल्या अनेकांच्या ध्यानात नसते. अक्कलकुवा आणि अक्राणी हे तिथले तालुके १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. त्या वर्षी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. नर्मदा परिक्रमा करणाऱ्यांना हा टापू ‘शूलपाणीची झाडी’ म्हणून माहीत. इथे भिल्ल यात्रेकरूंना लुटतात, एवढीच त्याची ख्याती. त्या झाडीत राहणाऱ्यांची चूल कशावर पेटे, याची विचारपूस मात्र फारशी कोणी केली नाही.

भिल्ल आणि पावरांची घरे एकमेकांपासून दूर, टेकड्यांवर विखुरलेली. पावसाळ्यात उतारावर ज्वारी, मका, भगर. एकट्याने न उरकणारे काम सगळ्यांनी मिळून करायचे, त्याला ‘लाह’ म्हणतात. नदीचे पाणी ओसरले की काठावर गाळपेर. उन्हाळ्यात मोह, चारोळी, तेंदूपाने. आणि बाराही महिने मासा.

पहिल्या पावसात नदीतला मासा अंडी घालायला ओढ्यांत शिरतो. त्या चढणीच्या माशासाठी ओढ्याच्या अरुंद जागी दगडांचा बांध घालून बांबूचे सापळे लावत. उथळ पाण्यात तीरकामठ्यानेही मासा टिपत. उन्हाळ्यात पाणी डोहांपुरते उरले की गेळाची फळे ठेचून पाण्यात टाकायची. मासा गुंगून वर येई. ओढ्यातले खेकडे, झिंगे ही बायका-पोरांची शिकार. खरे महत्त्व होते ते वेळेला. कणगीतले धान्य संपत येई तेव्हाच डोहातला मासा हाती सापडे. दुष्काळातही उपाशी न ठेवणारी ही व्यवस्था होती. पण तिला ना पावती होती, ना भाव.

पुढे सरदार सरोवर आले. १९७९ मध्ये नर्मदा पाणीतंटा लवादाने निवाडा दिला. ज्या कुटुंबाची २५ टक्क्यांहून अधिक जमीन जाईल त्याला किमान २ हेक्टर जमीन, असे त्यात ठरले. त्या काळाच्या मानाने ही तरतूद उदारच म्हटली पाहिजे. पण इथली बरीच शेती वनखात्याच्या जमिनीवरची. तिचाच सातबारा नव्हता, तर डोहाचा कुठून असणार? जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ च्या अहवालात धरणाखालच्या मासेमारीचा, विशेषतः भरूचकडच्या पाल्याचा, प्रश्न मांडला होता. पाल्याला बाजार होता. मणिबेलीच्या घरातल्या कालवणाचा हिशेब कोण मांडणार?

१९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरले. महाराष्ट्रातली ३३ गावे बुडिताच्या यादीत होती. काही कुटुंबे तळोद्याजवळ, जंगल तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीवर वसवली गेली. तिथे सपाट शेत मिळाले, रस्ता मिळाला. डोह मिळाला नाही. मासा हवा तर बाजारात जाऊन पैसे मोजायचे.

जी माणसे डोंगरातच वर सरकली, त्यांच्यापुढे वेगळेच पाणी आले. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरला. महसीर हा वाहत्या पाण्याचा, दगडगोट्यांत वाढणारा मासा. साचलेले पाणी त्याला मानवत नाही. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये त्याला राज्यमासा केले, ते तो दुर्मीळ होऊ लागल्यावरच. जलाशय हा कटला-रोहूचा मुलूख. सापळा आणि तीरकामठा इथे कामाचा नाही; खोल पाण्यात होडी आणि मोठे जाळे लागते, म्हणजेच भांडवल लागते.

मग भांडण उभे राहिले ते हक्काचे. हे पाणी ठेकेदाराला द्यायचे की ज्यांची गावे त्याखाली आहेत त्यांना? विस्थापितांनी मच्छीमार सहकारी संस्था काढल्या, बीज सोडले, होड्या मागितल्या. ज्यांच्या आजोबांनी मासा कधी तोलून पाहिला नव्हता, ती मुले आता काट्यावर किलोचा भाव ठरवतात आणि बर्फाच्या पेट्या घाट चढवून धडगावकडे पाठवतात.