धारेचे नौकाशास्त्र : दीर्घा आणि उन्नता

अमझेरा हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते रणभूमी म्हणून. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी आप्पांनी येथे गिरिधर बहादूर व दया बहादूर यांच्या मोगल फौजेचा पराभव केला आणि माळव्याचे दार मराठ्यांना मोकळे झाले. घोड्यांच्या टापांनी गाजलेल्या या डोंगराळ मुलखाचा समुद्राशी काही संबंध असेल, अशी शंकाही कोणाच्या मनाला शिवणार नाही. तथापि अमझेऱ्याच्या पूर्वेस असलेल्या धारानगरीच्या राजाच्या नावावर भारतातील एक दुर्मिळ नौकाशास्त्र नोंदलेले आहे. राजा भोज याच्या नावाने ओळखला जाणारा ‘युक्तिकल्पतरु’ हा तो ग्रंथ होय.

अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करणारा भोज समुद्राला अगदीच अपरिचित नव्हता. इ. स. १०२० च्या त्याच्या ताम्रपटांत कोकणविजयाच्या उत्सवाप्रीत्यर्थ दिलेल्या दानांची नोंद आहे. त्यांपैकी एक ताम्रपट इंदूर आणि धार यांच्या दरम्यानच्या बेटमा गावी मिळाला. मात्र ‘युक्तिकल्पतरु’ स्वतः भोजाने लिहिला की काय, याविषयी विद्वानांत एकमत नाही. ग्रंथात ‘भोज असे सांगतो’ अशा धर्तीचा उल्लेख येतो. तेव्हा भोजाची मते पुढे कोणी संकलित केली असणेही शक्य आहे. १९१२ साली राधाकुमुद मुखर्जी यांनी भारतीय नौकानयनावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात या प्रकरणाचा विस्ताराने परामर्श घेतला, आणि तेव्हापासून ते अभ्यासकांच्या नजरेसमोर आले.

हा ग्रंथ नौकांचे दोन मुख्य वर्ग मानतो : नदीत चालणाऱ्या त्या ‘सामान्य’ आणि सागरगामी त्या ‘विशेष’. सामान्य नौका दहा प्रकारच्या. त्यांतील सर्वांत लहान ती क्षुद्रा, सोळा हात लांब व चार हात रुंद. सर्वांत मोठी मंथरा, एकशेवीस हात लांब व साठ हात रुंद. विशेष नौकांचे पुन्हा दोन भेद आहेत, दीर्घा आणि उन्नता. दीर्घा लांब, अरुंद व बेताच्या उंचीची. तिची लांबी रुंदीच्या आठपट आणि उंची लांबीच्या दहाव्या हिश्शाइतकी. या वर्गातील सर्वांत मोठी वेगिनी एकशेशहात्तर हात, म्हणजे सुमारे २६४ फूट लांब भरते. उन्नता नावाप्रमाणेच उंच. तिची रुंदी लांबीच्या निम्मी आणि उंची रुंदीइतकीच.

ग्रंथकार काही नौकांना अशुभ ठरवितो. दीर्घेच्या दहा प्रकारांपैकी तीन अशुभ आहेत, तर उन्नतेच्या पाचांपैकी तीन. या शुभाशुभामागे प्रमाणाचे गणित शोधू गेल्यास ते हाती लागत नाही, कारण एका वर्गातील शुभ आणि अशुभ नौकांचे प्रमाण एकच आहे. हे आकडे सुताराच्या हातातून उतरले नसून पंडिताच्या लेखणीतून उतरले असावेत, असे मानावयास जागा आहे. परंतु लांब नौकेपेक्षा उंच नौकेविषयी ग्रंथकाराच्या मनात अधिक धास्ती आहे, हे मात्र लपत नाही.

याहूनही मोलाचा भाग नौकेवरील खोल्यांच्या रचनेचा आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खोल्या असलेली ती सर्वमंदिरा. राजाचा खजिना, घोडे आणि स्त्रिया यांच्या वाहतुकीसाठी ती योजावी. जिच्या मधल्या भागात खोल्या आहेत ती मध्यमंदिरा राजाच्या विहारासाठी आणि पावसाळ्यासाठी. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, खोल्या असलेली अग्रमंदिरा दूरच्या प्रवासाला, युद्धाला आणि पावसाळा सरल्यानंतरच्या दिवसांना योग्य. विहाराच्या नौकेत खोल्या मध्यभागी असाव्यात, हा विचार आजही खरा ठरतो. लाटेवर जहाजाची टोके वरखाली होतात तेव्हा मध्यभाग सर्वांत कमी हलतो. समुद्र लागणाऱ्या उतारूला आजही जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरचीच खोली सुचविली जाते.

हा धागा हाती धरून आधुनिक उतारू-जहाजांकडे पाहिले म्हणजे त्यांचा इतिहास दीर्घेकडून उन्नतेकडे सरकलेला दिसतो. अटलांटिक ओलांडणाऱ्या आगबोटींना वेळ गाठावयाची असे. १९१२ साली बुडालेली ‘टायटॅनिक’ सुमारे २६९ मीटर लांब आणि २८ मीटर रुंद होती; म्हणजे तिची लांबी रुंदीच्या साडेनऊपट होती. १९०० साली जर्मनीत निव्वळ सहलीसाठी बांधलेले ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ हे जहाज पाण्यावर आले, तेही लहान व सडपातळच होते. १९५८ मध्ये जेट विमाने अटलांटिकपार उतारू नेऊ लागली आणि आगबोटींच्या वेगाचे प्रयोजन संपत गेले. पोहोचणे हा हेतू मागे पडला, राहणे हा पुढे आला. मग जहाजाला धावण्यापेक्षा घर होणे आवश्यक झाले.

आज या जहाजांची लहान, मध्यम, मोठी व महाकाय अशी प्रतवारी उतारूंच्या संख्येवरून आणि ग्रॉस टनेजवरून करतात. हे टनेज म्हणजे वजन नव्हे. ते जहाजातील बंदिस्त जागेचे माप होय. त्याची आजची पद्धत १९६९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ठरली. पनामा कालव्याच्या जुन्या दरवाज्यांतून सुमारे ३२ मीटरांहून रुंद जहाज जात नसे, म्हणून त्या मापाचाच एक वर्ग झाला. १९९६ सालच्या ‘कार्निव्हल डेस्टिनी’ने ही मर्यादा सोडली आणि एक लाख टनांचा आकडा प्रथमच ओलांडला. २०२४ साली प्रवासास निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ २,४८,६६३ टनांचे, वीस मजल्यांचे आहे. टायटॅनिकच्या तुलनेत त्याची लांबी दीडपटही नाही. पण पोटातील जागा सुमारे पाचपट आहे. वाढ झाली ती रुंदीत आणि उंचीत. एवढा डोलारा उभा राहतो तो जड यंत्रे व टाक्या तळाशी, हलकी बांधणी वर आणि गणित काटेकोर, यामुळे.

उंची, भार आणि माणसांची जागा यांचा मेळ बिघडला की काय होते, हे कोकणाला वेगळे सांगावयास नको. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट कासाच्या खडकाजवळ भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. लाटांच्या माऱ्याने भेदरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोटीचा तोल गेला, असे त्या दुर्घटनेविषयी सांगितले जाते. पावसाळ्यात खोल्या कोठे असाव्यात, कोणाला कोठे बसवावे, हा ‘युक्तिकल्पतरु’तील प्रश्न त्या दिवशी किती जिवावरचा होता!

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या धारेच्या नावाने आलेल्या त्या ग्रंथाचा अवास्तव अभिमान बाळगण्याचे कारण नाही, आणि त्यातील शुभाशुभाला हसून तो बाजूस सारणेही योग्य नव्हे. त्याच्या हातांचे आणि अंगुळांचे हिशेब कालबाह्य झाले. परंतु नौका किती मोठी, या प्रश्नाला जोडूनच ती कोणत्या पाण्यासाठी, कोणत्या ऋतूसाठी आणि कोणाच्या जिवासाठी, हे प्रश्न त्याने विचारले. जहाज वीस मजली झाले तरी बंदर सोडण्यापूर्वी त्यांची उत्तरे तयार असावी लागतात.