रमाबाईंचा बाप्तिस्मा आणि नंतरची आठ वर्षे

* रमाबाईंच्या धर्मांतराचे म्हणून लेखकाने येथे १८८३ हेच साल धरले आहे; ते अपुरे आहे. त्या सप्टेंबरात इंग्लंडमधील वाँटेज येथे पंडिता रमाबाईंनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, हे खरे. पण १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या साक्षीत त्या स्वतःच सांगतात की, तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता. मधली सुमारे आठ वर्षे उपासना, वाचन, सत्कार्य सारे चालू होते, आणि मन मात्र स्वतःच्याच योग्यतेचा हिशेब मांडत होते. (व्रते आणि पायी तीर्थयात्रा यांत वाढलेल्या बाईंची ही सवय पाणी शिंपडल्याने कशी सुटावी?) पुढच्या पालटात विल्यम हॅस्लम यांच्या आत्मकथनाचा वाटा मोठा. हे गृहस्थ पाद्री असूनही कॉर्नवॉलमध्ये आपल्याच चर्चमध्ये उपदेश करता करता बदलले! तारण कमवायचे नसते, ख्रिस्ताने केलेल्या कार्यावर विसंबून ते आजच स्वीकारायचे असते, हे रमाबाईंना १८९१च्या सुमारास पटले. चरित्रकार १८८३पाशीच रेंगाळतात, कारण पुण्यात गदारोळ झाला तो बाप्तिस्म्यावर. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधील १९०५ची आध्यात्मिक जागृती (पुढील प्रकरण पाहावे) समजून घ्यायला मात्र हा दुसरा, बिनगाजावाजाचा प्रसंगच अधिक उपयोगी पडतो. — संपा.