एका जिनसात अनेक कामे
(बांधकामाच्या साहित्याचा इतिहास आणि आपला परंपरागत व्यवसाय)



आपल्या पूर्वजांनी वाकस, करवत, पटाशी आणि गुण्या या चार हत्यारांच्या बळावर महाराष्ट्रातील वाडे उभारले. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला आणि १७३२ साली त्याची वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत त्याचे लाकडी मजले जळून गेले; परंतु त्या काळचे काष्ठकाम कोणत्या योग्यतेचे होते याची साक्ष १८०७ च्या सुमाराचा विश्रामबागवाडा आजही देत आहे. खांब, तुळई, कडीपाट, चौकट, महिरप यांतील प्रत्येक अवयव वेगळा घडवावयाचा आणि जागेवर बसवावयाचा, अशी ती पद्धत होती. एका खणासाठी किती हात लागत आणि किती दिवस मोडत, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या पद्धतीत पालट घडला तो केवळ यंत्रामुळे नव्हे. पूर्वी चार जिनसांनी आणि चार कारागिरांनी मिळून साधणारे कार्य एकाच जिनसात सामावून घेण्याची कल्पना हे त्याचे खरे मूळ होय. त्या कल्पनेचा इतिहास आपण समजून घेतला पाहिजे. कारण आपल्या मुलांची भाकरी तिच्याशी निगडित आहे.

सर्वांच्या परिचयाचे उदाहरण मंगलोरी कौलाचे. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. कोकणातील जुन्या नळीच्या कौलांना दाट वासे लागत आणि दर उन्हाळ्याच्या अखेरीस घराची शाकारणी करावी लागे. यंत्रावर दाबून काढलेल्या या नव्या कौलाच्या कडेलाच खाच व उंचवटा असल्याने एक कौल दुसऱ्यात आपोआप अडकते. ठराविक अंतरावर रिपा ठोकल्या की काम झाले. छप्पर हलके झाले, लाकूड कमी लागले आणि वर्षावर्षाची शाकारणी बहुतांशी टळली. सांधण्याचे कौशल्य कारागिराच्या हातातून निघून कौलाच्या साच्यात गेले, असेच म्हणावे लागेल.

याच्या आधी लंडन येथे १ मे १८५१ रोजी उघडलेल्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी काचमहाल योजिला होता. त्यातील लोखंडी खांब पोकळ असून तेच पावसाचे पाणी वाहून नेणारे नळ होते. लाकडी पन्हळी यंत्रावर अशा कोरल्या होत्या की, बाहेरचे पाणी आणि काचेच्या आतील बाजूस जमणारा ओलावा या दोहोंचा निचरा एकाच लाकडातून व्हावा. एवढी प्रचंड वास्तू वर्षाच्या आत उभी राहिली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८६० ते १८७० च्या दरम्यान, मुंबईत काळ्या घोड्याजवळ वॉटसन हॉटेल उभे राहिले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजाने येथे आणला व जोडला. ती इमारत एस्प्लनेड मॅन्शन या नावाने आपल्याला ठाऊक आहे.

पुढे सिमेंट आले. जोसेफ ॲस्पडिन यांनी पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ साली घेतले आणि जोसेफ मोनिए यांनी लोखंडी जाळी घातलेल्या काँक्रीटच्या कुंड्यांचे पेटंट १८६७ साली. खांब, तुळई आणि तक्तपोशी एकजीव करणारा हा पदार्थ विसाव्या शतकात आपल्याकडे रूढ झाला, तेव्हा सुताराचा धंदा बुडाला अशी ओरड झाली असल्यास नवल नाही. परंतु ओतलेले काँक्रीट तोलून धरण्यास फर्मा लागतो, आणि फर्मा बांधण्यास सुतारच लागतो. वाड्याचे काम गेले, सेंटरिंगचे आले. आपल्यातील कित्येक कुटुंबे त्यावरच शहरांत स्थिरावली.

फाळणीनंतर निर्वासितांना त्वरित घरे देण्यासाठी सरकारने दिल्लीस तयार भिंतींच्या घरांचा कारखाना काढला. सच्छिद्र काँक्रीटचे ते पत्रे हाताळताना तडकू लागले आणि तो उपक्रम थांबवावा लागला. १९५३ साली तेथेच हिंदुस्थान हाउसिंग फॅक्टरी नव्याने स्थापन झाली व वेगळ्या प्रतीच्या काँक्रीटचे भाग बनवू लागली. कल्पना खोटी नव्हती. साहित्याची परीक्षा अपुरी पडली होती.

सच्छिद्र काँक्रीटची भरवशाची कृती स्वीडनमध्ये योहान ॲक्सेल एरिक्सन यांनी १९२० नंतर सिद्ध केली होती. वाळू किंवा कोळशाची राख, चुना व सिमेंट यांच्या कालवणात किंचित ॲल्युमिनियमची पूड घालतात. वायू सुटून कालवण पिठासारखे फुगते, ते तारेने कापतात आणि दाबाच्या वाफेत पक्के करतात. पुण्याकडील गवंडी ज्याला 'सिपोरेक्स' म्हणतात तो हाच ठोकळा. हिशेब करून पाहा. ६०० × २०० × २०० मिलिमीटरचा एक ठोकळा चुन्यामातीच्या सांध्यासह १२ प्रमाणित विटांची जागा भरतो. त्या विटांचे वजन ३३ किलोच्या आसपास भरते, तर ठोकळ्याचे सुमारे १४ किलो. बारा वेळा थापी फिरवावयाची तेथे एकदा फिरते, शिवाय भिंत उन्हाला आवरते ती निराळीच.

मात्र श्रम वाचविण्याच्या ओढीत काय गमावू नये, हे लंडनच्या रोनन पॉइंट इमारतीने शिकविले. तयार भिंती रचून उभारलेल्या त्या २२ मजली इमारतीत १६ मे १९६८ रोजी अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. एक भिंत सुटली आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसे मरण पावली. भिंती भक्कम होत्या. कच्चे होते ते सांधे. कुसू खाचेत घट्ट बसल्याशिवाय हात न काढणाऱ्या आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट सांगावी लागली नसती.

आज मोठ्या शहरांत ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती व छत एकाच वेळी ओतले जातात. पृष्ठभाग इतका गुळगुळीत निघतो की गिलाव्याचीही गरज उरत नाही. म्हणजे एकदा वाड्याकडून फर्म्याकडे वळलेला आपला हात पुन्हा एकदा रिकामा होऊ पाहत आहे. याचे दुःख करीत बसणे व्यर्थ आहे. उन्हातान्हात पाठीवर ओझी वाहणाऱ्यांचे कष्ट कमी होत असतील, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु साचा कोणी तरी आखतो, मापे कोणी तरी तपासतो, सांधा कोणी तरी पारखतो. ते कोणी तरी आपण का नसावे?

म्हणून पालकांस एवढीच विनंती की, मुलास नुसता रंधा देऊन कामावर धाडू नका. नकाशावाचन, मापनविद्या आणि साहित्याचे शास्त्र त्यास शिकू द्या. मुलींनाही या विद्येपासून दूर ठेवू नका. आपल्या ज्ञातीच्या शिष्यवृत्त्यांत तंत्रशाळेत जाणाऱ्यांस अग्रमान मिळावा. साहित्य कारखान्यात घडो की अंगणात, काटकोन पारखणारी नजर माणसाचीच लागते. आणि ती नजर हाच आपल्या घराण्यांचा खरा वारसा होय.