‘खाली उतर!’ : सायकल, जात आणि रस्त्यावरचा हक्क

सायकल ट्रॅकचा विषय काढला की आपले कार्यकर्ते हसतात. रविवारी सकाळी हेल्मेट घालून, महागड्या सायकलवर फिरायला निघालेले साहेब लोक त्यांच्या डोळ्यांसमोर येतात. मग प्रश्न येतो, ‘वस्तीत पाणी नाही, पोरांची शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, आणि तुम्ही सायकल काय घेऊन बसलात?’ प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी इतिहास पाहू.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. दलित-आदिवासी माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून, चप्पल किंवा नवे कपडे घालण्यापासून अडवणे हा या दुरुस्तीने गुन्हा ठरवला. मित्रांनो, यावर क्षणभर थांबा. संसदेला कायद्यात ‘सायकल’ हा शब्द लिहावा लागला. या देशात अशा गल्ल्या आहेत जिथे आपल्या माणसाला सायकलवरून उतरून, ती हातात धरून चालत जावे लागते, हे त्या शब्दाने मान्य केले. सायकलवर बसलेला माणूस ओट्यावर बसलेल्याच्या बरोबरीला येतो. खरे दुखणे तिथे आहे.

हे दुखणे सायकलपेक्षा जुने आहे. १८९३ साली त्रावणकोरमध्ये पुलया समाजाचे अय्यंकाली स्वच्छ कपडे घालून बैलगाडीत बसले आणि अस्पृश्यांना बंद असलेल्या सार्वजनिक रस्त्यावरून निघाले. गाडी अडवली गेली, मारामाऱ्या झाल्या, पण ते मागे फिरले नाहीत. १९२४ चा वायकोम सत्याग्रहसुद्धा मंदिरप्रवेशाचा नव्हता, मंदिराभोवतीच्या रस्त्यांचा होता. १९२५ मध्ये तडजोड झाली, तीन बाजूंचे रस्ते खुले झाले आणि पूर्वेचा बंदच राहिला. कुत्र्या-मांजरांना मोकळा असलेला रस्ता माणसाला बंद!

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सार्वजनिक पैशातून जे उभे राहते त्यावर सर्वांचा समान हक्क, हे त्या सत्याग्रहाचे मूळ. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते एकाच ओळीत आले. तळे आणि रस्ता हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी हे कलम पुन्हा वाचावे.

सायकलने आपल्या चळवळीलाही पाय दिले आहेत. कांशीरामजी पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेत नोकरीला होते. बाबासाहेबांच्या जयंतीची सुट्टी रद्द झाली तेव्हा दीनाभाना या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याने केलेल्या विरोधातून त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. त्याच कांशीरामजींनी १९८३ साली डीएस-फोरच्या झेंड्याखाली शंभर सायकलस्वार घेऊन चाळीस दिवसांत सात राज्ये पालथी घातली. वर्तमानपत्रे आपली नव्हती, पैसा नव्हता, मोटारींचा ताफा नव्हता. दोन चाकांवरून विचार गावोगाव गेला आणि १४ एप्रिल १९८४ ला बहुजन समाज पक्ष उभा राहिला.

आता स्त्रियांकडे बघा. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकथ यांनी सायकल शिकवणे हाही साक्षरतेचाच भाग केला. शेतमजूर बायका, दगडखाणीत काम करणाऱ्या बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तर त्यांनी दांडीच्या जेन्ट्स सायकली घेतल्या. दांडीवर पोराला बसवता येते, हा वर फायदा! टोमणे मारणारे होतेच, पण एसटीची वाट आणि नवऱ्याची परवानगी या दोन्ही गोष्टी थोड्या सैल झाल्या. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये देणे सुरू केले. या योजनेमुळे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली, असे कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिले. ‘शिका’ हा आदेश पाळायला आधी शाळेपर्यंत पोहोचावे लागते.

मग शहरात काय झाले? २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. मोटार पाच टक्के घरांतही नव्हती. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांची ये-जा महत्त्वाची मानली. कागद चांगलाच होता. पण २०१३ साली कोलकाता पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलबंदी केली. दूधवाला, पेपरवाला, घरकाम करणारी बाई, सगळ्यांना एकच हुकूम : खाली उतर! शब्द ओळखीचे वाटतात ना? गावात हे जात म्हणायची, शहरात ‘वाहतुकीची शिस्त’ म्हणते.

एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणेही वेगळे नाही. ट्रॅक बांधले, पण त्यांवर गाड्या लागल्या, टपऱ्या आल्या, आणि जिथे धोका सर्वांत जास्त त्या चौकात येऊन ट्रॅक संपला. २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास मोबाईलच्या अॅपवर चालणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. पहाटे झाडूकामाला, वॉचमनच्या ड्यूटीला स्वतःची जुनी सायकल मारत जाणारा माणूस मात्र त्याच रस्त्यावर, डंपरच्या शेजारून, जीव मुठीत धरून जात राहिला. २०२२ या एका वर्षात देशात चार हजारांहून अधिक सायकलस्वार रस्त्यावर मेले. त्यांत आपले किती, हे जातीच्या रकान्यात कुणी लिहिले नाही. सांगायला लागते का?

काही तरुण म्हणतील, ‘आम्ही सायकलवरच राहायचे का? आम्हालाही मोटार हवी.’ जरूर घ्या! गांधीवादाने गरिबीचे आणि चरख्याचे जे कौतुक केले, त्यावर बाबासाहेबांनी कडाडून टीका केली होती. यंत्र माणसाचे कष्ट आणि वेळ वाचवते, ही त्यांची भूमिका होती. सायकल हे तसेच यंत्र आहे. साधेपणाची पूजा म्हणून आपण ती मागत नाही. ज्याच्याकडे आज तेवढेच यंत्र आहे, त्याला जिवंत घरी पोहोचण्याचा हक्क मागतो आहोत.

म्हणून काम ठरवू. आपापल्या वॉर्डातल्या एका चौकात सकाळी सहा ते नऊ सायकली मोजा. कोण, कुठून, कोणत्या कामाला जातो ते लिहा. ज्याची नोंद नाही त्याचे बजेट नाही. माहितीच्या अधिकारात विचारा : उड्डाणपुलांवर किती खर्च झाला, सायकल ट्रॅकवर किती? पुणे महापालिकेत नागरिकांना आपल्या प्रभागातली कामे अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. तिथे वस्तीचा अर्ज गेला पाहिजे. मागण्या नेमक्या ठेवा : वस्ती ते शाळा आणि वस्ती ते कामाची जागा असा सलग ट्रॅक, मोटार चढणार नाही असा उंच कठडा, चौकातही तुटणार नाही अशी वाट, रस्त्यावर दिवे, शाळेभोवती वेगमर्यादा, बसथांब्याजवळ सायकल ठेवायला सुरक्षित जागा.

आणि शिक्षण आपल्या हातात आहे. विहाराच्या अंगणात रविवारी मुली-बायांसाठी सायकलचा वर्ग सुरू करा. वळताना हात कसा दाखवायचा, ट्रकच्या डाव्या बाजूला का थांबायचे नाही, रात्री मागे लाल दिवा का लागतो, ब्रेक आणि पंक्चर कसे पाहायचे, एवढे चार रविवारांत शिकवून होते. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर जेवढा खर्च होतो, त्यातल्या थोड्याशा पैशात पाच-सहा जुन्या सायकली दुरुस्त होतील.

अय्यंकालींनी गाडी रस्त्यावर आणली तेव्हा त्यांना कुणी परवानगी दिली नव्हती. आपल्याकडे तर संविधानाचे कलम आहे. येत्या १४ एप्रिलच्या आधी एक चौक, एक मोजणी आणि एक अर्ज, एवढे प्रत्येक शाखेने करावे.

जयभीम!