परमिट रूममधली सुरमई

जूनचा शेवटचा आठवडा. पाऊस लागलेला, त्यामुळे गणपतीपुळ्यात खोल्या स्वस्त. बाबा नुकतेच रिटायर झाले होते, म्हणून पुण्याहून सुट्टी टाकून मी त्यांना घेऊन गेलो. आमचं मूळ गाव तिथून जवळच, पण तिथे आता घर नाही. सकाळी देऊळ झालं, डोंगराची प्रदक्षिणा झाली. संध्याकाळी बाबा अचानक म्हणाले, "चल, आज तुझ्याबरोबर एक बिअर घेतो." अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच.

देवळापासून लांब, रस्त्याच्या कडेला एक बार अँड रेस्टॉरंट होतं. काळ्या काचा, आत निळा उजेड. वीज गेल्यामुळे बिअर कोमट. सोलकढी गुलाबी होती, पण नारळाच्या दुधाचा पत्ता नव्हता. सुरमई फ्राय मागवली, तर वरून करपलेली आणि आतून कापसासारखी. वेटर म्हणाला, "एकदम ताजी आहे साहेब."

बाबा हसले. "जूनमध्ये ताजी सुरमई? दर्या बंद आहे रे."

1 जून ते 31 जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हा मासा निदान महिनाभर तरी बर्फात झोपलेला होता. मेनूकार्डाची बारा पानं होती. पनीर टिक्का, चिकन मंचुरियन, हक्का नूडल्स, बटर चिकन. समुद्र दोनशे पावलांवर, आणि त्या बारा पानांत कोकण म्हणजे ती सुरमई आणि ती सोलकढी.

मी मोबाईल काढून एक स्टार द्यायला लागलो. बाबा खिडकीतून मागच्या अंगणातल्या चार माडांकडे बघत होते. म्हणाले, "माझे आजोबा असले माड चढायचे. माडी काढायला."

ही गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती. एक स्टार तसाच राहिला. पुण्याला परत आल्यावर मी वाचायला लागलो, आणि त्या वाईट जेवणाचा इतिहास बराच जुना निघाला.

न टिकणारं पेय

माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधून तिचं टोक रोज थोडं थोडं कापायचं आणि खाली मडकं लावायचं. जो रस गोळा होतो तो सकाळी गोड असतो, दुपारपर्यंत आंबतो, संध्याकाळी चढतो आणि दुसऱ्या दिवशी शिरक्याकडे झुकतो. हे काम रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या भंडारी समाजाकडे होतं. आम्ही त्यातलेच.

माडीची मुख्य गोष्ट ही की ती टिकत नाही, म्हणून ती प्रवासही करत नाही. जिथे माड, तिथेच ती प्यायची, आणि तोंडी लावायला त्या दिवशी जे होडीतून आलं असेल ते. पेय आणि मासा दोन्ही एकाच मैलातले.

ज्या वस्तूची गोदामं भरता येत नाहीत, तिच्यावर कर कसा बसवायचा? इंग्रज सरकारने थेट झाडालाच धरलं. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याखाली परवान्याशिवाय माड-ताड छेदणं गुन्हा झाला आणि कर झाडामागे लागू लागला. दारू गाळण्याचं काम घरोघरच्या भट्ट्यांतून काढून मोठ्या मक्तेदारांच्या हाती गेलं. कर वसूल करायला ते सोपं. माड आपलाच, पण त्यावर मडकं लावायचं तर आधी सरकारचा कागद हवा.

1949

दारूबंदी काँग्रेसच्या कार्यक्रमात आधीपासून होती. बाळासाहेब खेरांच्या सरकारने 1939 मध्ये मुंबई शहरात ती आणून पाहिली. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा, 1949 आला. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. 1950 पासून सगळ्या मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी.

शहरातल्या माणसाला पळवाट होती. डॉक्टरांचा दाखला दाखवून आरोग्याच्या कारणासाठी परवाना काढता येई. आमच्या पणजोबांकडे ना डॉक्टर होता, ना दाखला. त्यांच्याकडे माड होते. एका हंगामात त्यांचा धंदा हा गुन्हा झाला. आजोबा तेव्हा अठरा वर्षांचे. ते जयगडहून आगबोटीने मुंबईला गेले आणि गिरणीत लागले. आमचं कोकणातलं घर तिथून सुटायला लागलं.

पण इथे गळा काढणं सोपं आहे, म्हणून आजीचंही सांगतो. फोनवर तिला विचारलं तर ती फणकाऱ्याने म्हणाली, "बरं झालं बंद झाली. तुझा पणजोबा जेवढी विकायचा, तेवढीच प्यायचा. मार कोण खायचं, ते नाही विचारलंस." दारूबंदीच्या बाजूने ज्या बायका उभ्या राहिल्या त्या उगाच नव्हत्या. अडचण वेगळीच आहे. कायद्याने दारू गेली नाही, दारूची जागा बदलली.

परवाना आला, माड राहिला

1960 च्या दशकात महाराष्ट्राने दारूबंदी हळूहळू सैल केली, पण कायदा रद्द केला नाही. आमच्या क्षेत्रात याला लेगसी कोड म्हणतात. जुना नियम काढायला कुणी धजत नाही, सगळे त्यावर अपवाद चढवत जातात. आजही महाराष्ट्रात कागदोपत्री पिणाऱ्याकडे परवाना लागतो, आणि परवानाधारकाने बसून प्यायची जागा म्हणजे परमिट रूम. 1953 च्या विदेशी मद्य नियमांत त्या परवान्याचं नाव एफएल-3. पाटीवरचं 'परमिट' तिथून येतं.

पुढे 1973 मध्ये देशी मद्याचे नियम आले. ही 'देशी' प्रामुख्याने घाटावरच्या साखर कारखान्यांच्या मळीपासून होते. आपल्याकडची बरीचशी 'विदेशी' व्हिस्कीही मळीच्याच स्पिरिटची. दोन्ही सीलबंद बाटलीत, ट्रकने येतात, मोजता येतात. माडीची परवानाधारक दुकानं अजून आहेत, पण ती वेगळी, कोपऱ्यातली. हॉटेलात जेवणाबरोबर ती नाही.

काजूचंही तसंच. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड गोव्यात आणि रत्नागिरीत सारखंच रुजलं. गोव्यात 1961 पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य, तिथे आपली दारूबंदी पोचलीच नाही. काजू फेणी टिकली आणि 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे बी फोडून विकतात आणि रसाळ बोंडांचा मोठा भाग बागेत कुजतो. 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडं आणि मोहफुलं यांच्यापासून होणाऱ्या मद्याला दर्जा द्यायचं ठरवलं. कुठला? 'विदेशी मद्या'चा.

मग जेवण कुठे बिघडलं?

बार शाळा-देवळापासून ठरावीक अंतरावर असावा लागतो, म्हणून तो गावाबाहेर. परवान्याची वार्षिक फी गावाच्या लोकसंख्येनुसार ठरते. गिऱ्हाईक येवो न येवो, ती भरायचीच. गणपतीपुळ्याचा हंगाम म्हणजे दिवाळी, नाताळ, मे आणि अंगारकी. ती फी बाटलीतूनच वसूल होते, मग स्वयंपाकघर उरतं चकण्यापुरतं. आचारी हंगामापुरता, बाहेरून आलेला.

मेनूही बाहेरूनच. फाळणीनंतर पंजाबी निर्वासितांनी दिल्लीत तंदूर आणि बटर चिकन रुजवलं. चिकन मंचुरियनचा जन्म 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये नेल्सन वँग यांच्या हातून झाला असं सांगतात. मुंबईच्या परमिट रूमने हे सगळं एका कार्डावर आणलं. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण सुरू झाली, मुंबई-पुण्याचा पर्यटक वाढला आणि ते कार्ड जसंच्या तसं इथे उतरलं. गिऱ्हाईक तेच मागतं, हेही खरं. त्या रात्री शेजारच्या तिन्ही टेबलांवर मंचुरियन होतं.

उलट केरळात बघा. तिथे 1996 मध्ये अरक बंद झाली, पण माडी चालू राहिली. आज तिथली माडीची दुकानं लोक जेवणासाठी शोधत जातात. उकडलेला कसावा आणि झणझणीत माशाची कढी. पेय झाडावरचं, म्हणून ताटही त्याच गावचं.

आपल्याकडे चांगलं जेवण वाचलं ते घरात. दुसऱ्या दिवशी दुपारी एका 'घरगुती जेवण मिळेल' पाटीखाली आम्ही सुक्या बांगड्याचं तिखलं, भात आणि दाट सोलकढी जेवलो. पावसात ताजा मासा नसतो तेव्हा कोकण सुकं खातं, हे त्या काकूंना मेनूकार्ड न वाचता ठाऊक होतं. तिथे बिअर मिळत नाही. परवाना एकीकडे, रांधणारा हात दुसरीकडे, आणि 1949 पासून त्यांची गाठ पडलेली नाही.

मी तो एक स्टार शेवटी दिला नाही. आचाऱ्याची चूक होतीच, पण सगळी त्याची नव्हती.

त्या रात्री बिल आलं तेव्हा बाबांनी वेटरला विचारलं, "मागच्या माडांवर कोण चढतं?"

"कोणी नाही साहेब. वर्षातनं दोनदा मशीनवाला येतो. नारळ कुणाच्या डोक्यात पडायला नको म्हणून."

भिंतीवर 'परवानाधारकांनाच मद्य दिले जाईल' अशी पाटी होती. आमचा परवाना कुणीच मागितला नव्हता. बाबांनी ती पाटी वाचली, ग्लासात उरलेली कोमट बिअर तशीच ठेवली आणि छत्री उघडली.