सर्जनशील कामासाठी संगणकाची निवड आणि प्रणालीबदल : मराठी अक्षरजुळणीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

शिशाच्या खिळ्यांनी छपाई होत असे त्या काळात एका ग्रंथाची छपाई संपली की जुळवलेली पाने मोडावी लागत. खिळे मोकळे करून ते पुन्हा केसच्या घरांत टाकले जात आणि त्याच खिळ्यांतून पुढच्या ग्रंथाची पाने उभी राहत. त्यामुळे ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढायची झाल्यास अनेकदा संपूर्ण मजकुराची जुळणी नव्याने करावी लागे. संगणक मुद्रणव्यवसायात आला तो हे दुहेरी श्रम संपवण्याचे आश्वासन घेऊन. एकदा जुळवलेला मजकूर कायम जपून ठेवता येईल आणि हवा तेव्हा दुरुस्त करून पुन्हा छापता येईल, असे ते आश्वासन होते. एकाच संगणकावर आणि एकाच सॉफ्टवेअरवर काम चालू असेपर्यंत ते पुष्कळ अंशी खरेही ठरले. संगणक बदलण्याची वेळ आली तेव्हा मात्र त्याची मर्यादा लक्षात येऊ लागली.

मांडणी, चित्रसंस्करण, चलच्चित्र-संपादन यांसारख्या कामांसाठी नवा संगणक निवडताना सामान्यतः प्रोसेसरचा वेग, स्मृती, पडदा आणि किंमत यांचा विचार केला जातो. एका प्रणालीवरून दुसऱ्या प्रणालीवर जाताना मात्र आधी केलेले काम बरोबर नेता येईल का, हा प्रश्न या सर्वांहून अधिक निर्णायक ठरतो. प्रस्तुत लेखात 1984 पासूनच्या प्रमुख प्रणालीबदलांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला असून मराठी अक्षरजुळणीच्या क्षेत्रात त्याचे स्वरूप अधिक गंभीर का झाले, याची कारणमीमांसा केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

1. सर्जनशील कामासाठी विशिष्ट संगणकप्रणाली रूढ होण्याची ऐतिहासिक कारणे पाहणे.
2. प्रणालीबदलाच्या वेळी जुन्या कामाचे काय झाले, याचा मागोवा घेणे.
3. मराठी मजकुराच्या संदर्भात या बदलांचे परिणाम तपासणे.

मॅकिंटॉश आणि डीटीपीचा उदय :

24 जानेवारी 1984 रोजी ॲपल कंपनीने मॅकिंटॉश हा संगणक बाजारात आणला. त्याची किंमत 2,495 डॉलर होती आणि स्मृती अवघी 128 किलोबाइट. इतक्या तोकड्या स्मृतीचे हे यंत्र व्यावसायिक मुद्रणाच्या दृष्टीने अपुरेच होते. त्याला मुद्रणक्षेत्रात स्थान मिळाले ते 1985 मध्ये एकत्र आलेल्या तीन गोष्टींमुळे. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्के यांनी 1982 मध्ये स्थापन केलेल्या ॲडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा, ती समजणारा ॲपलचा लेझररायटर हा छपाईयंत्र आणि आल्डस कंपनीचे पेजमेकर हे मांडणीचे सॉफ्टवेअर, अशा त्या तीन गोष्टी होत. आल्डसचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड यांनी या नव्या व्यवसायाला ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हे नाव दिले. तेच पुढे ‘डीटीपी’ या संक्षेपाने आपल्याकडे गल्लोगल्लीच्या पाट्यांवर झळकले.

1987 मध्ये क्वार्कएक्सप्रेस आणि 1990 मध्ये फोटोशॉप ही सॉफ्टवेअर प्रथम मॅकिंटॉशवरच आली. चित्रकार आणि मांडणीकार यांनी मॅकिंटॉश निवडला, कारण त्यांच्या कामाचे सॉफ्टवेअर तेथे उपलब्ध होते. पेजमेकर 1987 मध्ये विंडोजवर आले आणि 1990 च्या दशकात इतर प्रमुख सॉफ्टवेअरही तेथे पोहोचली, तेव्हा प्रथमच निवडीला खरा वाव मिळाला. भारतात या निवडीला किमतीचे परिमाण होते. मोठ्या जाहिरातसंस्थांनी मॅकिंटॉश घेतला, तर लहान डीटीपी-व्यावसायिक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून सुटे भाग आणून जुळवलेल्या, विंडोजवर चालणाऱ्या संगणकाकडे वळला. मराठी ग्रंथव्यवहाराचा मोठा भाग विंडोज आणि पेजमेकर यांच्याशी बांधला गेला, त्याचे एक प्रमुख कारण हे आर्थिक वास्तव होय.

प्रणालीबदल आणि तात्पुरते पूल :

मॅकिंटॉशच्या इतिहासात मूलभूत स्वरूपाचे चार बदल झाले. 1994 मध्ये मोटोरोलाच्या 68000 मालिकेतील प्रोसेसरऐवजी पॉवरपीसी प्रोसेसर आला. 2001 मध्ये कार्यप्रणाली बदलून मॅक ओएस टेन आली. 2006 मध्ये इंटेलचे प्रोसेसर आले आणि नोव्हेंबर 2020 पासून ॲपलने स्वतः रचना केलेले एम-1 व त्यापुढील प्रोसेसर आले. प्रत्येक वेळी जुने सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालावे यासाठी एक पूल बांधण्यात आला. 1994 मध्ये जुन्या प्रोसेसरची नक्कल करणारी सोय होती, 2001 मध्ये ‘क्लासिक’, 2006 मध्ये ‘रोझेटा’ आणि 2020 मध्ये ‘रोझेटा 2’.

हे पूल कायमस्वरूपी नव्हते, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. क्लासिकची सोय इंटेल प्रोसेसरच्या यंत्रांवर मिळाली नाही आणि 2007 च्या आवृत्तीत ती पूर्णपणे संपली. रोझेटा 2011 मध्ये बंद झाली. 2019 च्या आवृत्तीने 32-बिटची सर्व सॉफ्टवेअर बाद केली. रोझेटा 2 ही सोय कार्यप्रणालीच्या 27 व्या आवृत्तीपर्यंतच सर्वसाधारणपणे उपलब्ध राहील, असे ॲपलने 2025 मध्ये जाहीर केले. म्हणजेच पुलाचा उपयोग जुने काम नव्या स्वरूपात आणण्यासाठी मिळालेली मुदत म्हणून करणे अपेक्षित असते. तो कायमचा आहे असे समजणाऱ्यांची पुढील बदलाच्या वेळी अडचण होते.

सॉफ्टवेअरच्या बदलातूनही हाच अनुभव आला. क्वार्कएक्सप्रेसची मॅक ओएस टेनसाठीची आवृत्ती 2003 मध्ये आली. तत्पूर्वीच, 2002 मध्ये, ॲडोबीचे इन-डिझाइन त्या प्रणालीवर दाखल झाले होते आणि या विलंबाचा लाभ त्यास मिळाला. जून 2011 मध्ये ॲपलने फायनल कट प्रो टेन हे चलच्चित्र-संपादनाचे नवे सॉफ्टवेअर आणले. त्यात आधीच्या आवृत्तीत केलेले प्रकल्प उघडत नव्हते. परिणामी अनेक व्यावसायिक संपादक अन्य सॉफ्टवेअरकडे व त्याबरोबर विंडोजकडेही वळले. 2013 च्या मॅक प्रो संगणकात आतील भाग बदलण्यास फारसा वाव नव्हता. त्या रचनेच्या मर्यादा ॲपलने 2017 मध्ये मान्य केल्या आणि नवा मॅक प्रो 2019 च्या अखेरीस आला. एम-1 प्रोसेसरनंतर हा प्रवाह काही प्रमाणात उलट दिशेने वाहू लागला. यावरून सर्जनशील कामासाठी अमुक एकच प्रणाली सर्वकाळ श्रेष्ठ असते, हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, असे दिसून येते.

मराठी मजकुराची विशेष अडचण :

वरील सर्व उदाहरणांत इंग्रजी मजकूर तुलनेने सुरक्षित राहिला. मांडणी विस्कटली तरी अक्षरे वाचता येत होती, कारण प्रत्येक रोमन अक्षराचा सांकेतिक क्रमांक सर्व प्रणालींत समान होता. मराठीच्या बाबतीत ही स्थिती नव्हती.

देवनागरीसाठी प्रमाण संकेत नव्हता, असे मात्र नाही. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञानाचे काम पुढे पुण्यातील सी-डॅककडे आले. भारतीय मानक ब्यूरोने 1991 मध्ये ‘इस्की’ हा संकेत प्रमाण म्हणून स्वीकारला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या 1988 च्या आवृत्तीवर आधारलेली होती. तथापि पेजमेकरसारख्या सॉफ्टवेअरला हे संकेत समजत नव्हते. त्यामुळे व्यवसायात वेगळा मार्ग रूढ झाला. देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले फाँट तयार करण्यात आले. संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमनच राहिला आणि पडद्यावर व कागदावर तो मराठी दिसू लागला. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरनी मराठी डीटीपीचा विस्तार केला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. छपाई हेच अंतिम उद्दिष्ट असताना ही व्यवस्था पुरेशी होती.

मात्र कोणत्या जागी कोणता आकार बसवायचा, हे प्रत्येक उत्पादकाने आपापल्या सोयीने ठरवले. एका फाँटमधील मजकुराला दुसऱ्या उत्पादकाचा फाँट लावला की तो निरर्थक होई. फाँटच नसेल तर पानभर रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसत. शिवाय या पद्धतीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने नव्हे, तर दिसण्याच्या क्रमाने साठवली जात. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग ‘क’ नोंदला जाई. युनिकोडमध्ये आधी ‘क’ आणि मग वेलांटी येते. ‘धर्म’ या शब्दातील रफार जुन्या पद्धतीत ‘म’ नंतर येतो, तर युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त ‘म’च्या आधी येतात. म्हणून रूपांतर करताना जागा बदलून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो आणि तेथे चुका शिरतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ या दोन शब्दांतील ‘र’ची रूपे रूपांतरात एकमेकांत मिसळली, तर डोंगरातील दऱ्यांचा समुद्र होतो.

सामान्य संगणकावर युनिकोड देवनागरीची व्यवस्था विंडोज 2000 या कार्यप्रणालीपासून उपलब्ध झाली. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशी (1936-2008) या मराठी कवी व सुलेखनकाराच्या मार्गदर्शनाखाली घडला होता. पेजमेकरची शेवटची, म्हणजे सातवी आवृत्ती 2001 मधील असून तिला युनिकोड समजत नव्हते. इन-डिझाइनमध्ये भारतीय लिपींची अधिकृत सोय 2012 च्या सीएस-6 आवृत्तीत आली. मधल्या दशकभरात मराठी लेखक युनिकोडमध्ये लिहू लागला होता आणि मांडणीकार जुन्या फाँटमध्येच काम करीत होता. लेखकाचा मजकूर जुन्या संकेतात आणावा लागे आणि छपाईनंतर तो त्याच संकेतात पडून राही. 2014 मध्ये विंडोज एक्स-पीचे सुरक्षा-साहाय्य थांबले, तरी अनेक ठिकाणी जुने संगणक याच कारणामुळे जपून ठेवावे लागले. काही सॉफ्टवेअर संगणकाला जोडलेल्या कुलूप-उपकरणाशिवाय चालत नसत आणि ते उपकरण ज्या जोडणीत बसे, ती नव्या संगणकात राहिलीच नाही. इन-डिझाइनच्या आरंभीच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाईल उघडत असत, पुढे तीही सोय उरली नाही.

पीडीएफ करून ठेवले की काम सुरक्षित झाले, असा एक समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. जुन्या फाँटमधील मजकुराची पीडीएफ पडद्यावर शुद्ध मराठी दिसते, परंतु तिच्यातील परिच्छेद उचलून अन्यत्र ठेवल्यास रोमन चिन्हांचा गोंधळ हाती येतो. त्यात शब्द शोधता येत नाही, सूची करता येत नाही. तिची उपयुक्तता पानाच्या छायाचित्राइतकीच राहते. महाविद्यालयांची वार्षिक नियतकालिके, स्मरणिका, गौरवग्रंथ आणि प्रबंध यांतील फार मोठा मराठी मजकूर याच काळात जुळवला गेला. तो मजकूर ज्या संगणकांवर होता, ते एकेक करून भंगारात जात असताना त्याबरोबर काय जात आहे, याची नोंद क्वचितच घेतली जाते.

निष्कर्ष :

1. सर्जनशील कामासाठी विशिष्ट संगणक रूढ होण्यास यंत्राच्या क्षमतेपेक्षा त्यावरील सॉफ्टवेअरची उपलब्धता व किंमत ही कारणे अधिक प्रभावी ठरली आहेत.
2. प्रणालीबदलाच्या वेळी उत्पादक देतात त्या सोयी मर्यादित मुदतीच्या असतात. जुने काम नव्या स्वरूपात आणण्याचे काम त्या मुदतीतच पूर्ण करावे लागते.
3. मराठी मजकुराच्या बाबतीत खरा प्रणालीबदल मॅकिंटॉश ते विंडोज किंवा उलट असा नसून फाँटबद्ध संकेताकडून युनिकोडकडे असा आहे. हा बदल पूर्ण झाला असेल, तर कोणताही संगणक निवडता येतो. तो अपूर्ण असेल, तर सर्वाधिक वेगवान संगणकही जुन्या मजकुरापुढे निरुपयोगी ठरतो.
4. म्हणून नव्या संगणकाच्या खरेदीपूर्वी जुन्या फाईलींची यादी, त्यांतील फाँटांची नोंद, युनिकोडमध्ये रूपांतर आणि त्या रूपांतराचे मुद्रितशोधन ही कामे जुना संगणक चालू असतानाच होणे आवश्यक आहे. त्यासाठी लागणारा वेळ व खर्च हा नव्या संगणकाच्या किमतीचाच भाग मानला पाहिजे.

समारोप :

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे नियमित साहाय्य संपले. कार्यालयांत आणि महाविद्यालयांत संगणकबदलाची आणखी एक लाट त्यामुळे आली आहे. खिळ्यांच्या काळात पाने मोडली गेली तरी छापलेल्या प्रतीवरून पुन्हा जुळणी करणारे हात छापखान्यात उपस्थित होते. आज एखाद्या जुन्या स्मरणिकेची नवी आवृत्ती काढायची झाल्यास तेच काम पुन्हा करावे लागते. छापील प्रत समोर ठेवून कोणीतरी सारा मजकूर पहिल्यापासून टंकलिखित करतो. जे श्रम संपवण्यासाठी संगणक स्वीकारला, तेच श्रम संगणक बदलताना परत येत असतील, तर निवडीचा विचार यंत्रापासून नव्हे, मजकुरापासून सुरू व्हावयास हवा.